वच्छीचा धोंडा

"मग यंदा कालवं धरली का नाहीत, काकी?"

द्वारकाकाकीनं मान वर केली नाही. ती आपल्या धोंड्यावर उकिडवी बसून कालवं फोडत होती. डाव्या हातानं चाचपायचं, उजव्या हातातला लोखंडी टोचा शिंपेच्या फटीत घालायचा, मनगट जरासं फिरवायचं. वरचं झाकण सुटायचं. आतला गर डब्यात पडायचा. खालची अर्धी शिंप खडकाला चिकटलेली असायची, ती तशीच राहायची.

टक्. खस्. टक्.

स्वरूपानं प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

"ऐकलं मी," काकी म्हणाली.

टोचा पुढच्या शिंपेच्या फटीत गेला.

दशमीची दुपार होती. ओहोटी अर्धीमुर्धीच लागली होती. वाळू संपते तिथून काळा खडप सुरू होतो आणि थेट समुद्रात शिरतो. पाणी मागं गेलं की त्याच्या खाचाखळग्यांत छोटी छोटी तळी मागं राहतात, आणि मधून धोंडे वर येतात. त्या धोंड्यांवर कालवं धरतात.

गावातल्या बायकांनी हे धोंडे केव्हाच वाटून घेतले आहेत. कागद नाही, खूण नाही. ज्या बाईचा धोंडा, तिचं त्याला नाव. दुसरी कुणी तिथं टोचा लावत नाही. बाई गेली की वर्षभर तिच्या धोंड्याला कुणी शिवत नाही. मग तिची लेक नाहीतर सून तिथं येऊन बसते.

मात्र ज्या धोंड्यावर कालवं धरायची थांबली, त्याचं नाव शिमग्यापर्यंतच टिकतं. त्यानंतर तो नुसता धोंडा. बायका त्यावर पाय देऊन पुढं जातात.

काकीच्या शेजारचा धोंडा वच्छीचा. वच्छी म्हणजे वत्सला भाटकर. स्वरूपा तिची एकुलती एक लेक. आईला जाऊन चौदा महिने झाले होते.

आणि वच्छीचा धोंडा बोडका होता. वर हिरवं बुळबुळीत शेवाळ, बाकी काही नाही. शिमगा तीन आठवड्यांवर आला होता.

"मी चुकीचं काही केलेलं नाही," स्वरूपा म्हणाली. हे कुणी विचारलं नव्हतं.

काकीनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"तू शिकवतेस ना गो, कॉलेजात?"

"हो. प्राणिशास्त्र."

"कालवाचं पण?"

"तेही येतं त्यात."

"मग काय सांगतेस पोरांना?"

स्वरूपानं सांगितलं. कालवाची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात, पाण्यात तरंगत राहतात, आणि बसायला जागा शोधतात. जागा स्वच्छ, कोरी मिळाली की दाटीवाटी होत नाही आणि ती जोमानं वाढतात. सांगता सांगता तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. म्हणूनच तर गेल्या वर्षी तिनं आईचा धोंडा…

काकीनं बोडक्या धोंड्याकडं हनुवटीनं खूण केली.

"त्याला सांगितलंस का हे?"

स्वरूपानं त्यावरच्या शेवाळाकडं पाहिलं.

"अवसेला ये," काकी म्हणाली. "पाणी पार खाली उतरतं तेव्हा. आता दिसायचं नाय."

"काय दिसायचं नाही?"

टक्. खस्. टक्.

स्वरूपा आठवड्याची रजा काढून आली होती. अवसेपर्यंत पाच दिवस घालवायचे होते.

घर तिनं गेल्या वर्षीच लख्ख केलं होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. आईची लुगडी वाटून टाकली, देवाजवळच्या भिंतीवरची काजळी खरवडली, भांडी चिंच लावून घासली आणि पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. तवा तेवढा निघाला नाही. राख लावली, काथ्यानं घासला, पण वर्षानुवर्षांचा काळा थर हटेना. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून तो पोत्यामागं सारून दिला.

त्याच आठवड्यात ती छिन्नी-हातोडी घेऊन खडपावर गेली होती. आईच्या धोंड्यावर हजारो अर्ध्या शिंपा होत्या. काळवंडलेल्या, कडा मोडलेल्या, एकीवर एक चढलेल्या. आईनं आयुष्यभर त्यातून कालवं काढली आणि रिकाम्या शिंपा तशाच ठेवल्या. स्वरूपाला तो निव्वळ आळस वाटला. तीन दिवस, ओहोटी लागली की ती जायची आणि ठोकत बसायची. दगड कोरा होईपर्यंत. सुटलेल्या शिंपा तिनं पायानं खालच्या खळग्यात ढकलून दिल्या.

त्या तीन दिवसांत तिच्या डोळ्याला पाण्याचा थेंब आला नव्हता. बायका आपसात म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे.

आता घरात बोललं की आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. म्हणून ती बोलायची नाही. चूल पेटवायची नाही. नाक्यावरचा चहा, बिस्किटं, संध्याकाळी टपरीवरचा एक वडापाव. अंगणात नारळाची झावळी पडली तरी ती दचकून उभी राहायची. मग, झावळीच होती, असं स्वतःला सांगून पुन्हा बसायची.

ओहोटीची वेळ रोज जराशी पुढं सरकायची. त्या वेळेला ती वही घेऊन खडपावर जायची. काकीच्या धोंड्याकडं नाही, दुसऱ्या टोकाला.

खळग्यांतलं पाणी इतकं नितळ असायचं की आधी खळगे रिकामेच वाटायचे. गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलं की मग हळूहळू एकेक जण दिसू लागायचा. कपारीला समुद्रफूल, बोटांसारख्या पाकळ्या हलवत. वाळूच्या रंगाचा तारामासा, एक हात तुटलेला, त्या जागी इवलासा नवा हात फुटत असलेला. काचेसारख्या कोळंब्या, ज्यांचे फक्त डोळे दिसतात. काटेरी गोळा, आपल्याच आकाराच्या खड्ड्यात बसून राहिलेला.

तिची सावली पडली की समुद्रफूल मिटायचं.

प्रत्येकाचं शास्त्रीय नाव तिला येत होतं. तिनं ते वहीत लिहिलं, लांबी लिहिली, वेळ लिहिली. एका ओंजळीएवढ्या तळ्यात हे सगळे एकमेकांना लागून राहतात आणि कुणी कुणाकडं बघत नाही, असंही एकदा तिच्या मनात आलं. ते लिहिलं नाही.

शिवरात्रीला अख्खं गाव टेकडीवरच्या देवळात गेलं. खडपावर ती एकटीच होती. एक खेकडा शंख पाठीवर घेऊन चालला होता. शंख त्याला लहान झालेला. वाटेत एक रिकामा शंख पडला होता. खेकडा थांबला. त्यानं तो सगळीकडून चाचपला, शंखाच्या तोंडात नांगी घालून आत कुणी नाही ना ते पाहिलं. मग एका झटक्यात आपल्या घरातून निघून त्यात शिरला. तेवढा निमिषभर तो पार उघडा होता.

स्वरूपानं लिहिलं: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. शंख रिकामा, कडेला तुटलेला.

आणि वही मिटली.

अवसेला पाणी खरंच पार खाली उतरलं. एरवी कधी न दिसणारे खडक वर आले, त्यांच्या अंगावरून शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. सगळीकडून पाणी ठिबकत होतं. ऊन कलंडलं होतं.

काकी आधीच येऊन बसली होती, पण आपल्या धोंड्यावर नाही. वच्छीच्या धोंड्याच्या पायथ्याशी. तिथला खोल खळगा आज उघडा पडला होता. कमरेइतका खोल, तळ काळोखा.

"बस," काकी म्हणाली.

स्वरूपा बसली. पाच दिवसांत तिनं मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. सुरुवात मात्र भलतीकडूनच झाली.

"काकी, मी हा धोंडा तासत होते तेव्हा तू तुझ्या धोंड्यावर होतीस. तीनही दिवस."

"व्हय."

"तुला माहीत होतं हे असं होणार."

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

काकीनं टोच्याला लागलेलं शेवाळ बोटानं पुसलं.

"रडलीस का तू तेव्हा?"

"…नाही."

"म्हणून."

स्वरूपाला राग आला. इतका, की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती म्हणाली, की हे काही उत्तर नव्हे. एक शब्द बोलली असतीस तर मी थांबले असते. आता पंधरा दिवसांनी शिमगा, आणि मग आईचं नाव या खडपावरूनसुद्धा जाणार. घरातून तर मी स्वतःच…



काकीनं टोचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझे चालते हात धरले असते तर पडली असतीस. मी म्हातारी. मला कुठं उचलायला जमलं असतं."

लाट लांब कुठंतरी फुटली. खळग्यातलं पाणी हललं नाही.

"हात घाल आत," काकी म्हणाली.

"कुठं?"

"हितं. खाली."

स्वरूपानं वाकून पाहिलं. तळाचं काही दिसत नव्हतं. कपारीत काय काय राहतं, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आत्ता तेच नडत होतं.

"वाम असली तर? चावते ती."

"असली तर ती पण घाबरलेलीच असंल."

स्वरूपानं बाही वर केली. पाणी थंड होतं. कोपर बुडालं, मग दंड बुडाला. गाल धोंड्याला टेकला तरी तळ लागेना. काहीतरी बोटांना घासून गेलं आणि तिनं हात झटक्यात बाहेर काढला. 

काकी हसली नाही. थांबून राहिली.

स्वरूपानं पुन्हा हात घातला. या वेळी बोटांना काहीतरी कडक लागलं. ढीगच होता. त्यातलं एक हाताला आलं ते घट्ट धरून तिनं वर काढलं.

शिंप होती. अर्धी, रिकामी, काळवंडलेली.

तिनंच ढकलून दिलेली.

"ही आईचीच कशावरून?" ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "इथं लाटेबरोबर कुठल्याही येतात."

काकीनं शिंप घेतली. तिच्या कडेला एक खाच होती. टोचा आत घातला की पडते तशी. काकीनं त्या खाचेवर अंगठा ठेवून दाखवला. मग आपल्या धोंड्याकडं बोट केलं. तिथल्या शेकडो शिंपांना खाच होती, पण ती उजव्या अंगाला.

ही डाव्या अंगाला.

"अख्ख्या खडपावर डावखुरी एकच होती," काकी म्हणाली.

स्वरूपा खाचेकडं बघत राहिली. तिनं अशा हजारो शिंपा ठोकून काढल्या होत्या. एकीलाही नीट पाहिलं नव्हतं. आई डाव्या हातानं भाकरी उलटायची, डाव्या हातानं तिची वेणी घालायची. ती वेणी जरा एका बाजूला सरकलेली असायची आणि शाळेत मुली चिडवायच्या. हे तिला चौदा महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं.

"उलटी कर," काकी म्हणाली.

तिनं शिंप उलटी केली.

मागच्या बाजूला तीन कालवं धरली होती. नखाएवढी. कडा इतक्या धारदार की बोटाला लागताच रक्ताची बारीक रेघ उमटली.

स्वरूपानं हात पुन्हा पाण्यात घातला. दुसरी शिंप आली, तिच्यावर दोन. तिसरीवर एक, पण जरा मोठं. चौथी रिकामी. पाचवीवर दाटीवाटीनं सात. ती काढत राहिली. बाही खांद्यापर्यंत भिजली, बोटं चिरली, मिठानं झोंबायला लागली. कुठल्या शिंपेपाशी तिला रडू फुटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. रडणं मोठं नव्हतं. नाक गळत होतं आणि पुसायला कोरडा हात नव्हता.

काकी पलीकडं तोंड करून समुद्राकडं बघत बसली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बास. निम्म्या राहू देत खाली."

"का?"

काकी वर काढलेल्या शिंपा गोळा करायला लागली होती.

मग दोघींनी मिळून त्या शिंपा बोडक्या धोंड्याच्या फटींत खोचल्या. शिंप फटीत बसवायची, बाजूनं खडा ठोकायचा, हलत नाही ना बघायचं. काकीचा हात झरझर चालत होता. स्वरूपाच्या दोन शिंपा निसटून पडल्या. त्या तिनं पुन्हा बसवल्या. कोऱ्या केलेल्या दगडावर त्या ओबडधोबड दिसत होत्या. जुन्या, मोडक्या, काळ्या.

तेवढ्यात खालच्या अंगानं गावातली वैजंता येताना दिसली. ती खडपाच्या पार टोकाच्या धोंड्यावरून परतत होती, डोक्यावर पाटी. गेल्या पावसापासून या वाटेनं येणाऱ्या सगळ्याच बायका वच्छीच्या धोंड्यावर पाय देऊन पलीकडं जायला लागल्या होत्या. शिमग्याची वाट कुणी पाहिली नव्हती. स्वरूपानं ते आल्या दिवशीच बघितलं होतं आणि कुणाला काही म्हटलं नव्हतं.

वैजंतानं पाऊल उचललं.

"वैजंते," काकीनं हाक मारली. नेहमीच्याच आवाजात. "वच्छीच्या धोंड्यावरनं नको येऊ गो. आताच खोचल्यात."

वैजंता थांबली. तिनं धोंड्याकडं पाहिलं, मग स्वरूपाकडं, तिच्या चिरलेल्या बोटांकडं. उचललेलं पाऊल मागं घेतलं, लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यातून वळसा घालून गेली. जाताना काकीला एवढंच म्हणाली, की आज पाणी भारीच उतरलंय.



वैजंता वाळूला लागली तोवर भरती सुरू झाली होती. खळग्यात पहिली लाट हलकेच आली, शेवाळाच्या झिपऱ्या उचलून बघितल्या आणि परत गेली. समुद्रफूल होतं कुठंतरी. ते उघडलं असेल.

"काकी, धरतील ना?" स्वरूपानं विचारलं. "सुटून नाही ना जाणार?"

काकी टोचा धूत होती.

"वच्छीची चूल पेटती का गो?"

"माझी रजाच उद्यापर्यंत… नाही. पेटवली नाही."

"आणि तवा?"

"आहे. माळ्यावर." मग ओशाळून तिनं सांगितलं, की बाकी सगळी भांडी लख्ख निघाली, तो तेवढा राहिला. किती घासला, पण निघेचना.

काकीनं कमरेवर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. स्वरूपानं हात पुढं केला. तो धरून ती उठली, आणि उठल्यावरही तिनं तो लगेच सोडला नाही. हात खरखरीत होता, चिरांनी भरलेला. या बाईच्या घरातही दुसरं कुणी नसतं, हे स्वरूपाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मनात मात्र ते आत्ता आलं.

काकीनं कालवांचा डबा तिच्या हातात दिला.

"सांजेला जेवायला येते तुझ्याकडं."

स्वरूपा डब्याकडं बघत राहिली.

"मला भाकरी येत नाही, काकी."

काकी पुढं चालायला लागली होती. मागं न वळताच ती म्हणाली,

"तव्याला येते. घासू नको त्याला."